बारा वाजेपर्यंतचं मौन

"आपण कशाला बोलायचं? मोठी माणसं आहेत की बोलायला."

बाबांचा हा आवाज मी लहानपणी बाल्टिक समुद्राच्या धक्क्यावर ऐकला. नौकावाल्यांच्या बैठकीत मासळी धरण्याचा वाटा मोठ्या बोटींकडे गेला, बाबा टोपी चुरगाळत गप्प राहिले, आणि हिवाळ्याच्या तोंडावर आमची होडी विकली गेली. तेव्हापासून गप्प माणसाचा मला राग येतो.

आणि लॉर्कन गप्प राहिला.

बेल्जियममधल्या ब्रूजला युरोपच्या राज्यकारभाराचं पदव्युत्तर शिक्षण घेताना वसंतात एक लुटुपुटीची परिषद भरते. ज्यानं त्यानं परक्या देशाची नाहीतर संस्थेची भूमिका करायची. मी लाटव्हियाची, माझ्या वाट्याला कायद्याचा मसुदा मांडणारा युरोपीय आयोग आला. चिठ्ठ्या काढताना एक चिठ्ठी उडून माझ्या बुटाखाली आली.

"आयोगबाई, पाय उचला. माझा देश आहे तो," कुणीतरी म्हणालं.

तो लॉर्कन, आयर्लंडचा, आता पोर्तुगाल. मी हसले. तिथंच चुकलं.

मग कितीतरी संध्याकाळी आम्ही कालव्याकाठी एका पुड्यातले तळलेले बटाटे खात माझं कलम घासूनपुसून लिहिलं – लहान होड्यांचा वाटा राखणारं. वारा सुटला की तो मला आडोसा करत वाऱ्याच्या बाजूनं चालायचा. बोलायचा मात्र मासळीबद्दल. मीही तेच…

परिषदेच्या अध्यक्षांनी अखेरच्या मसुद्यातून ते कलम उडवलं आणि मसुदा मौनावर ठेवला. रीतच आहे तशी: गुरुवारी बाराच्या आत एकाही देशाची हरकत आली नाही, तर मंजूर. आयोगाला हरकत घेता येत नाही.

"मी घेतो," लॉर्कन म्हणाला होता.

बारा वाजले. हरकत आली नाही. मसुदा मंजूर.

आमच्याकडे राग बर्फासारखा धरतो – आधी काठाला, मग साऱ्या खाडीला. मी त्याला पुलावर गाठलं.

"काय पोर्तुगालराव, जीभ लिस्बनला विसरलात?"

त्याचा चेहरा उतरलेला. "पाठवली गं हरकत. साडेअकराला."

"साडेबाराला आली ती."

"घड्याळ घरच्या वेळेवर आहे माझं. आयर्लंड एक तास मागे. त्यात लिस्बनचीही वेळ तीच, म्हणून खटकलंच नाही."

"सप्टेंबरपासून इथं राहतोस, आणि घड्याळ अजून आईच्या स्वयंपाकघरात?"

"ती जेवायला बसली की फोन करायचा असतो ना…"

हसू येईल या भीतीनं मी आणखीच चिडले. "तुझा तास गेला रे. माझ्या बाबांची होडी—"

होडीची गोष्ट मी त्याला कधी सांगितलीच नव्हती. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. त्यातच उभी राहून, ओरडून ओरडून, सगळी सांगितली. तो वाऱ्याच्या बाजूला सरकला.

माझं सांगून झाल्यावर म्हणाला, "मादारा, एक मसुदा माझाही आहे. माझं तुझ्यावर प्रेम आहे. उद्या बारापर्यंत हरकत आली नाही, तर मंजूर समजेन… ब्रूजच्या वेळेनं."

कानशिलं तापली माझी. "म्हणजे मी गप्प बसायचं? मी गप्प बसले की झालं काम?"

"मग… हरकत आहे?"

"आहे. मौनाला आहे. मला विचार ना. तोंडानं विचार, आत्ता."

त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. पुलाखालून एक नाव हळूच गेली.

"तुझं आहे का गं… माझ्यावर?"

राग काही ओसरला नव्हता. रागातच म्हणाले, "आहे. कधीचं आहे. मासळीबद्दल बोलत होते ना मी, तेव्हाही होतं."