शंकेची गोळी

खरं वाटणार नाही, मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण हे ज्याच्या मांडीवर घडलं तो माझा सख्खा भाऊ आहे, आणि काचेपलीकडे उभी होते ती मी.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. मंगळवारची दुपार, सव्वादोनची वेळ, आणि दवाखान्याच्या तळघरातला तो पांढराफटक उजेड.

आम्ही दोघं दमलो होतो. इतके, की भीतीसुद्धा वाटेनाशी झाली होती.

दादा शिंपी. त्या दुपारच्या तीन वर्षं आधी त्याच्या उजव्या मांडीत गाठ आली. स्नायूतला कॅन्सर निघाला. ऑपरेशनने गाठ गेली. मागे राहिला वीतभर व्रण, आणि दर चार महिन्यांनी एमआरआय. गेलेलं परत येत नाही ना, हे बघायला.

आठ वेळा झालं होतं. ही नववी.

मोठे डॉक्टर म्हणाले होते, "या वेळी स्वच्छ निघालं, की वर्षातून दोनदाच यायचं."

दादा मात्र वाटेतच म्हणाला, "ठमे, स्वच्छ निघो नाहीतर न निघो, ही शेवटची. त्या नळकांड्यात मी पुन्हा जायचा नाही."

"असं काय बोलतोस रे?"

"उसवून उसवून शिवलेलं कापड किती टिकतं, ते शिंप्याला विचार."

भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

आधीच्या आठही वेळा ते मशीन एक काकू चालवायच्या. व्रणाच्या जागी त्या तेलाची एक मऊ, पिवळी गोळी कागदी पट्टीने चिकटवायच्या. गोळी फोटोत पांढरीशुभ्र दिसते, म्हणजे डॉक्टरांना व्रण कुठे आहे ते कळतं. सगळीकडे एकच लावतात.

काकू दोन लावायच्या.

दुसरी त्यांच्या मनाला येईल तिथे. बोटांनी हळूहळू चाचपायच्या, थांबायच्या, आणि गुणगुणत लावायच्या...

"एक गोळी दुखण्याला,
एक माझ्या शंकेला."

पट्टीचा एक कोपरा त्या आठवणीने दुमडायच्या. तिथे धरून अलगद निघते, केस ओढले जात नाहीत. "दुखणं आहेच जन्माला, त्यात माझी भर कशाला?" म्हणायच्या. आणि प्रत्येक वेळी दादाला दरडावायच्या, "शिंपीदादा, खिशातल्या टाचण्या काढल्या का? नाहीतर हे मशीन तुम्हाला गिळेल, आणि माझं जेवण राहील!"

त्या दिवशी काकू नव्हत्या.

चष्मा लावलेले एक वयस्कर गृहस्थ होते.

"काकू रजेवर का?" मी विचारलं.

"वारल्या त्या. महिना झाला. झोपेतच गेल्या."

खुर्चीच्या पाठीवर काकूंचा एप्रन तसाच होता. खिसा उसवलेला. दादा त्याच्याकडे बघत राहिला. "शिवून देतो म्हणालो होतो..." एवढंच बोलला.

चष्मेवाल्यांनी गोळी लावली. एकच. पट्टीचे चारही कोपरे नीट दाबून बसवले. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

दादा आत गेला. जड दार बंद झालं. मी काचेपाशी उभी राहिले.

ठक ठक ठक... घर्रर्र... ठक ठक ठक...

मग मशीन थांबलं. दोन फोटोंच्या मध्ये थांबतं तसंच. त्यात काही नवीन नव्हतं.

पण त्या शांततेत दादाच्या पायाचा अंगठा एकदम ताठ झाला...

आणि स्पीकरमधून, अगदी बारीक, गुणगुणणं ऐकू आलं.

मी चष्मेवाल्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे.

"तुमचे भाऊ गातात का?"

"दादा? तो शिट्टीसुद्धा वाजवत नाही."

मशीन पुन्हा सुरू झालं. पडद्यावर फोटो उमटू लागले. चष्मेवाले पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दोन कशा?"

पडद्यावर दोन पांढरे ठिपके होते.

एक व्रणावर.

एक तीन बोटं वर...

त्यांनी फोन करून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंना खाली बोलावलं. बाई आल्या त्या घाईतच. "दुसरी गोळी कुणी लावली?"

"मी एकच लावली, मॅडम. शपथ घेतो."

दादाला बाहेर काढलं. पायावरची चादर बाजूला केली.

पट्टी एकच होती. व्रणावरची.

तीन बोटं वर मात्र कातडीवर एक लालसर चौकोन उठला होता. नुकतीच पट्टी काढल्यासारखा. एकही केस ओढला गेलेला नव्हता.

आणि त्या चौकोनाला चौथा कोपरा नव्हता.

"आत्ता आत कोण आलं होतं?" दादाने विचारलं. आवाज कोरडा. "थंड बोटं होती. चाचपत होती. म्हणाली, शिंपीदादा, हलू नका."

चष्मेवाले खुर्चीत बसले. "तुम्ही शिंपी आहात हे मला आत्ता कळतंय हो," ते म्हणाले.

दार उघडलंच नव्हतं. मी तिथेच तर उभी होते.

बाईंनी तो दुसरा ठिपका पडद्यावर मोठा केला. त्याच्याखाली, खोल स्नायूत, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं.

"हा ठिपका नसता ना," त्या हळूच म्हणाल्या, "तर मी ही शीर समजून पुढे गेले असते."

परत आलं होतं. पण दाण्याएवढं होतं म्हणून महिन्याच्या आत निघालं, आणि पाय वाचला. दादा आजही त्याच पायाने शिलाई मशीन चालवतो. शेवटची म्हणणारा माणूस त्यानंतर एकही तारीख चुकला नाही. काकूंच्या एप्रनचा खिसा शिवून आणला, दुहेरी टाका घालून. चष्मेवाल्यांनी एप्रन पुन्हा त्याच खुर्चीवर टाकला.

आता दादा "रिपोर्ट काय आला?" असं विचारत नाही.

विचारतो, "गोळ्या किती?"

परवाही विचारलं. तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजून झाली होती.

"एकच," चष्मेवाले म्हणाले. बाईंनीही दोनदा बघितलं. स्वच्छ. आता वर्षातून दोनदा.

दादा हसला. किती दिवसांनी! घरी येताना बसमध्ये माझ्या डाव्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, लहान मुलासारखा.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.

तो आत असताना बाहेरच्या बाकावर मला डुलकी लागली होती. कुणीतरी माझ्या उजव्या खांद्यामागे बोटं फिरवली. हळूहळू, चाचपत. मध्येच थांबली... मला वाटलं, दादाच उठवतोय. डोळे उघडले तर बाकावर मी एकटी. दारावरचा लाल दिवा अजून चालू होता, म्हणजे दादा आतच.

घरी येऊन कपडे बदलताना तिथे काहीतरी हाताला लागलं.

कागदाची पट्टी. आत मऊ, गोल काहीतरी.

माझ्या तपासणीसाठी गुरुवारची वेळ घेतली आहे. एकटीच जाणार आहे. पलीकडच्या खोलीत दादाच्या शिलाई मशीनचा आवाज येतोय, एका लयीत, आणि त्या लयीत मला दुसरंच काहीतरी ऐकू येतंय. त्याला आज तरी काही सांगवत नाही. सहा वर्षांनी सुटला आहे बिचारा.

पट्टी मी अजून काढलेली नाही. काढताना दुखणार नाही, ते माहीत आहे मला.

कोपरा दुमडलेला आहे.