काळा दोरा आणि घामाची पट्टी

"थांबा जरा... तुमचा घाम पायजे होता."

पहिल्याच भेटीत कोणी असं बोलतं? आदिलाबादच्या मैदानावर मी धापा टाकत उभी होते आणि समोर हा चष्मेवाला. मी त्याला चांगलंच सुनावणार होते, तेवढ्यात आमचे प्रशिक्षक उद्धवराव सर आले. हा पियुष, बासरला इंजिनिअरिंग शिकतो, खेळाडूंच्या दंडावर चिकटवायची पट्टी बनवतोय, असं त्यांनी सांगितलं. सरावात घामातून किती मीठ जातं, ते ती मोबाईलवर दाखवते. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी पळता पळता कोसळली होती. तेव्हापासून सरांनी धसकाच घेतला होता.

मग तो रोज सकाळी येऊ लागला. पट्टी चिकटवताना बिचारा भलतीकडेच बघायचा.

"दंडाकडं पाहा," मी म्हटलं, "नायतर झाडाला चिकटवाल."

त्याचे कान लाल झाले. मला ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू?

निवड चाचणी तोंडावर आली तेव्हा त्यानं नवी, रुंद पट्टी आणली आणि तिनंच घात केला. मीठ फार जातंय, असं ती दाखवू लागली. सरांनी माझं पळणं बंद केलं. चाचणीतून हैदराबादच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. आमच्या तलमडुगू गावच्या कापूसवेचणीतून बाहेर पडायची माझी ती एकच वाट. मी पियुषशी बोलणंच टाकलं.

एका सकाळी मी पट्टी लावून नुसतीच लिंबाखाली बसले होते. तो मोबाईल बघत धावत आला.

"सुनयना, तू पळालीच नाईस. मंग एवढं मीठ कुठून येऊन राह्यलं?"

आणि पहिल्यांदाच त्यानं नीट माझ्या दंडाकडे पाहिलं. पट्टीची कड काळ्या दोऱ्याखाली गेली होती. दृष्ट लागू नये म्हणून आईनं बांधलेला, निवड झाल्याशिवाय सोडायचा नाही असं बजावलेला दोरा. कित्येक महिन्यांचा घाम त्यात मुरलेला. जरा ओला झाला की ते मीठ पट्टीत उतरत होतं.

"सोडू का?" मी गाठीला हात घातला.

"नको. आईनं बांधला आहे. दुसरा दंड दे."

त्या दिवशी त्याच्या कॉलेजचे सर त्याचं काम बघायला आले होते. त्यांच्यादेखत त्यानं सांगितलं, "चूक माझी. मी लाजून न बघता पट्टी लावली." पोरं हसली. तो मान खाली घालून उभा राहिला. मला मात्र रडू आवरेना.

दुसऱ्या दंडावर आकडे बरोबर आले. सरांनी बंदी उठवली. चाचणीत मी पळाले... आणि निवडले गेले.

हैदराबादच्या बसपाशी मी दोरा सोडला. पियुषनं भाबडेपणानं मनगट पुढे केलं.

"मनगटावर नको," मी म्हटलं. "बांधला तर भाऊ होशील. मला भाऊ नको."

मी दोरा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

"मग... परत कधी येशील?"

"तू सांभाळून ठेव. मी न्यायला येईन."

बस सुटली. खाली सगळे हात हलवत होते. त्यानं मूठ उघडली नाही.