आधी कूळ विचार

"दादा, जरा डावीकडे सरकता का? तुमची बादली फोटोत येतेय."

धक्क्याच्या कठड्याला पांढरा रंग देणारा तो माणूस थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि स्वतः दोन पावलं डावीकडे सरकला. बादली जिथल्या तिथे.

"मी सरकलो. बादली नगरपालिकेची आहे, ती कोणाचं ऐकत नाही."

"दादा, मला कामावर जायचंय—"

"आणि दादा नका म्हणू. आधी कूळ विचारा. मग ठरवू, मी दादा लागतो का ते."

मी काही विचारलं नाही. आमच्या खोसा लोकांत म्हातारी माणसं वाटेल त्याला कूळ विचारतात. पण तरुण मुलीने तरुण मुलाला विचारलं, की त्याचा अर्थ एकच. एका कुळातली माणसं बहीण-भाऊ, त्यांचं लग्न होत नाही. तेव्हा मनात काही असल्याशिवाय ही चौकशी करतंय कोण? मी बादलीसकट फोटो काढला आणि वाचनालयाची वाट धरली.

फोटोचा नेम माझ्या बाबांचा. ते पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर रोज दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या गेबेर्हा शहराचा एक फोटो फोनवर काढायचे आणि अडतीस माणसांना पाठवायचे, खाली एक ओळ लिहून. दीपगृह, मासे साफ करणाऱ्या बायका, वाऱ्याने उलटलेली छत्री. फोटो त्याच दिवशीचा हवा, एवढाच नियम. जूनमध्ये बाबा गेले. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती अडतीस माणसं वाट पाहत असणार असं मला वाटलं. मी अंगणातल्या रिकाम्या खुर्चीचा फोटो पाठवला. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही मी धक्क्यावरच गेले. प्रकाश चांगला असतो तिथे... निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

"आज बादली लपवली आहे," तो म्हणाला. "आता कशाला नावं ठेवणार?"

"तुमच्या रंगाला. खारा वारा महिन्याभरात खाऊन टाकेल तो."

"म्हणून तर माझी नोकरी टिकून आहे."

त्याचं नाव मंडिलाखे. आठवड्याभरात तुम्हीचं तू झालं. मी गरम ग्विन्या आणायची. तेलकट कागदातले ते पिठाचे तळलेले गोळे तो रंगाच्या बोटांनी अलगद, टोकाला धरून खायचा. मी त्याला विचारलं, सगळा कठडा रंगवून झाला की काय करतोस? तो म्हणाला, "पहिल्या टोकाला परत येतो. तोवर ते गंजलेलं असतं." आणि मग, समुद्राकडे बघत, "यंदा मात्र मी जरा सावकाश रंगवतोय."

बाबांविषयी मी त्याला सांगितलं. त्याने सांत्वन केलं नाही. सगळे फोटो मागितले आणि कठड्याला टेकून एकेक ओळ वाचली. उलट्या छत्रीपाशी तो मोठ्याने हसला. बाबांच्या विनोदाला जूननंतर कोणी हसलं नव्हतं.

मी ठरवलं, सोमवारी त्याला कूळ विचारायचं. मी एकतीस वर्षांची आहे, हजार पुस्तकांची नोंद ठेवते; एक प्रश्न विचारायला मला कसली भीती?

रविवारी म्लुंगिसीकाका गळ घेऊन धक्क्यावर आले. ते बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. मला पाहून त्यांनी लांबूनच हाक दिली, "माटोलो! जेवलीस का, माझी पोर?"

सोमवारी मंडिलाखे म्हणाला, "शुभ सकाळ, ताई."

ताई. ग्विन्या त्याने घेतल्या, आभार मानले, आणि पाठ करून रंगवत राहिला. मी फोटो काढला नुसत्या पाण्याचा. मंगळवारी तो शिडीवर होता, उतरला नाही. बुधवारी माझं डोकं फिरलं. मनात नसेल तर नसू दे, पण तोंडावर सांगावं. मी शिडीखाली जाऊन उभी राहिले, आणि तेवढ्यात पलीकडून त्याचा सोबती ओरडला, "टोलो, दोरी घट्ट धर, वारा सुटलाय!"

दोरी धरली ती मंडिलाखेने.

आमच्यात माणसाला कुळाच्या नावानेही हाक मारतात; टोलो त्याचं कूळ होतं. आणि म्लुंगिसीकाकांनी मला हाक मारली होती माटोलो, म्हणजे टोलो कुळातली मुलगी. मी तिथेच हसत सुटले. मंडिलाखेने वरून वाकून पाहिलं.

"खाली ये," मी म्हणाले. "मला कूळ विचार."

"मला माहीत आहे, ताई. ऐकलं मी रविवारी. आधी कळलं असतं, तर मी इतकं..."

"काही माहीत नाही तुला. विचार."

तो उतरला. ब्रश बादलीवर आडवा ठेवला. मग माझ्या डोळ्यांत बघून, हळू आवाजात विचारलं, "तुझं कूळ कोणतं, बुलेल्वा?"

"टोलो ते काका आहेत. बाबांना पुरलं त्या दिवसापासून ते मला आपल्याच कुळाच्या नावाने हाक मारतात. आत्या रागावते, असं चालत नाही म्हणते. ते म्हणतात, हिला बाप नको का? पण माझा बाप..." अंत्यविधीनंतर आमच्या कुळाच्या पूर्वजांची ही नावं मी उच्चारलीच नव्हती. "माझा बाप भेले कुळातला. कुंटा, खुबोनी, दलाम्बुलो. त्यांची मुलगी मी."

मंडिलाखेने टोपी काढून हातात घेतली होती, वडीलधाऱ्यांसमोर काढतात तशी. वाऱ्याने डोळे झोंबत होते, दोघांचेही.

"आणि आईकडचं?" त्याने विचारलं.

"गचिना. तुझं?"

"बाम्बा. आज्यांचीही सांगू?"

"सगळ्यांची सांग. मला आज कामावर उशीर झाला तरी चालेल."

त्याने सांगितली. एकही जुळलं नाही. इतकं न जुळल्याचा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. आता तो जवळ आला तेव्हा मी मागे सरले नाही, आणि माझ्या बाहीवर त्याची पांढरी बोटं उमटली.

संध्याकाळी मी म्लुंगिसीकाकांकडे गेले. सगळं ऐकून ते गळाचा दोरा गुंडाळू लागले.

"म्हणजे पोरगा माझ्या कुळातला," ते म्हणाले.

"हो. त्याच्या घरचे बोलणी करायला येतील, तेव्हा तुम्हाला मुलाकडून बसावं लागेल ना, काका?"

"टोलो या शहरात ढिगाने आहेत. त्याला म्हणावं, त्यातला कोणीही ने." त्यांनी दोरा बाजूला ठेवला. "मी मुलीकडून बसणार."