वल्ह्याला लावलेला कान

समुद्रावरच्या मिरवणुकीसाठी मी दुपारपासून पुष्पचक्र गुंफत बसले होते. पुढच्या होडीत मरियामाऊलीची मूर्ती, मागे सगळ्यांच्या होड्या. वर्षभरात ज्याला पाण्याने नेलं, त्याच्या जागी पोचलं की इंजिनं बंद करायची, प्रार्थना म्हणायची आणि चक्र सोडायचं, ही आमची रीत. यंदाचं चक्र माझ्या नवऱ्याचं होतं. देह मिळालाच नव्हता. निदान जागा तरी कळावी, एवढंच मला हवं होतं.

जागा दाखवणार होते माझे धाकटे दीर. त्या दिवशी होडीत हे दोघेच भाऊ होते. लाटेने दादाला खोल समुद्रात ओढलं, असं भाऊजी सांगत आले होते.

किनारा दिसेनासा झाल्यावर आमच्या होडीतून भाऊजींनी खूण केली. इंजिनं थांबली. मेणबत्त्यांचा आणि डिझेलचा वास तेवढा उरला. सासूबाईंनी वल्हं पाण्यात सोडून दांड्याला कान लावला. मासळीचा थवा कुठे आहे, ते जुनी माणसं असंच ऐकतात. म्हातारी आज तरी धंदा बाजूला ठेवेल का, असं कुणीतरी मागून कुजबुजलं.

"तो इथे नाही," सासूबाई म्हणाल्या.

मूर्तीच्या होडीतल्या फादरनीही त्यांना अडवलं नाही. वल्हवत, थांबत, ऐकत आमची होडी परत फिरली. मूर्ती मागे राहिली. अंधारून आलं. बंदराच्या तोंडाशी, खडकांजवळ त्यांनी थांबायला सांगितलं. तिथून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. इतक्या जवळून कुणी नुसती हाक मारली असती, तरी अख्खी आळी धावली असती.

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

सासूबाईंनी वल्हं माझ्या हाती दिलं. लाकूड गारठलेलं होतं. मी कान लावला. खालून यांचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा, न चिडता.

"धाकट्या... दोर टाक की रे..."

मी वल्हं आत घेतलं. काय ऐकलं ते सांगायच्या आधीच भाऊजी उठले. होडीतल्या दोराचं एक टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलं, दुसरं पाण्यात फेकलं.

"तेव्हा भीती वाटली, दादा..." ते पुटपुटले.

दोर ताठ झाला. वल्ही सगळी आत होती, तरी होडी खडकांकडे सरकू लागली. भाऊजी होडीच्या काठावर ओढले गेले. सासूबाईंनी डोळे मिटून जपमाळेची प्रार्थना म्हणायला घेतली, मागोमाग मीही.

दोर सोड, असं कुणीच म्हणालं नाही.