चाकात अडकलेली ओढणी

सकाळी दुकान उघडलं तेव्हा पुतळ्याची मान मोडलेली होती.

मान सागवानी होती. तिच्याभोवती जाळीची ओढणी आवळलेली होती.

घटना खरी आहे. जिच्या दुकानात ती घडली, ती बाई भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. शिवणकामाकडे वळण्याआधी ती कापडाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. कोणता धागा किती ताणाला तुटतो, हे तपासायचं तिचं काम. सगळे तिला ताई म्हणतात. लग्नाचे जुने कपडे उसवून नव्या मापात बसवणं हा तिचा व्यवसाय, आणि शंका घेणं हा स्वभाव.

कुलूप शाबूत होतं. खिडक्या आतून बंद. लाकडातली कीड, उंदीर, भिंतीचा हादरा… एकेक शक्यता ताईने तपासली आणि निकालात काढली.

एक गोष्ट मात्र निकालात निघेना.

दुकानात पुतळे दोन होते. एक नवरीच्या मापाचा; आदल्या संध्याकाळी ओढणी त्याच्यावर टाचलेली होती. दुसरा नवरीच्या वडिलांच्या मापाचा. त्याच्या अंगावर त्यांचा नवा कोट.

मोडली होती ती कोटवाल्याची मान.

ओढणी नवरीच्या आईची. पांढरी रेशमी जाळी, पायघोळ, काठाला वेलबुट्टी. आजी वारल्यावर तिच्या पेटीच्या तळाशी सापडलेली. नवरी ती छातीशी धरूनच दुकानात आली होती.

"ताई, खांद्यापर्यंत आणा हिला. एवढी लांब घेऊन चालले तर पाहुणे पाय देतील. आणि मी तोंडावर आपटले, तर आमचे होणारे हे आधी फोटो काढतील, मग उचलतील."

कोटाचं माप द्यायला आलेले वडील मागे उभे होते. हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "ही अजून आहे?"

"असं काय विचारता, बाबा? आईचं माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"नवी घे, बाळा. हवी तेवढी भारी घे."

"मला हीच हवी."

आई गेली तेव्हा नवरी पाळण्यात होती. लग्नाच्या वाढदिवशी आईवडील लग्नातल्याच पोशाखात फोटो काढायला निघाले, स्कूटरच्या मागच्या चाकात ओढणी अडकली आणि गळा आवळला गेला. वडिलांनी तसं सांगितलं होतं. त्यांच्या आईने, म्हणजे नवरीच्या आजीनेही तसंच सांगितलं होतं.

ताईने काठ बोटांखालून सरकवून पाहिला. एका बाजूला मागाहून घातलेली रुंद दुमड होती. टाके ओबडधोबड. वेलबुट्टी विणणाऱ्या हाताचे ते नव्हेत, इतकं तिला कळलं. उसवू सावकाश, म्हणून तिने ती तशीच ठेवली.

त्या सकाळी पुतळ्याच्या मानेवरून ओढणी सोडवताना तिच्या बोटांना रग लागली. गाठ कुठेच नव्हती. तरी सुटत नव्हती…

लाकडाला आधीच चीर असणार, असं तिने स्वतःला बजावलं आणि मोडका पुतळा पडद्यामागे ठेवला.

दुपारी बापलेक कपडे घालून बघायला आले. ताईने पंखा बंद केला. जाळी टाचताना ती तो नेहमीच बंद ठेवते. वाऱ्याने जाळी उडते आणि टाचणी भलतीकडे लागते.

"ताई, लग्नाआधीच मला वाफवून काढणार का?"

"हलू नकोस. टोचली तर पुन्हा मलाच बोल लावशील."

ओढणी डोक्यावर बसली. हलकी, मऊ, गळ्याशी सैल.

कोट चढवून वडील पडद्याबाहेर आले आणि तिथेच थांबले.

"बाबा, जवळ या ना. आईसारखी दिसते का, सांगा."

ते जवळ आले.

"ताई," नवरी हळूच म्हणाली, "मागून ओढू नका."

ताई तिच्या समोर उभी होती.

मागे कोणीच नव्हतं…

टाचण्या फरशीवर पडू लागल्या. टिक… टिक… टिक…

ओढणी डोक्यावरून उतरली. हिसका नाही, झोपलेल्या मुलीच्या अंगावरून अलगद काढावी तशी. नवरीचा एक केससुद्धा विस्कटला नाही.

मग ती वडिलांच्या गळ्याभोवती वळली.

"मुद्दाम नाही गं…" ते म्हणाले.

त्यांची नजर नवरीवर नव्हती. तिच्या खांद्यामागे होती.

जाळीला पीळ बसला. त्यांच्या टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या. लाथ बसून आरसा फुटला. स्वतःच्याच नखांनी त्यांनी गळा ओरबाडला. नव्या कॉलरवर रक्त उतरलं. नवरी लोंबकळून जाळी ओढत होती, तिचे तळवे चिरले.

"कापा, ताई, कापा!"

ताईने कात्री घातली. पातं वाकलं.

त्या रेशमाचा धागा किती ताणाला तुटतो, हे ताईला पाठ होतं. हा ताण त्याच्या कितीतरी पुढे गेला होता.

धागा तुटला नाही.

मान मोडली. आवाज लाकडासारखाच आला.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने वर बघितलं आणि निष्कर्ष काढला, की ओढणी पंख्यात अडकली.

"पंखा बंद होता," ताई म्हणाली.

"धक्क्यात माणसाच्या लक्षात राहत नाही, ताई."

लग्न पुढे गेलं. पट्ट्या बांधलेल्या हातात ओढणी घेऊन नवरी एकटीच दुकानात आली.

"पंखा खरंच बंद होता?"

"हो."

तिने ओढणी टेबलावर पसरली. मग म्हणाली, "मग चाक तरी होतं का?"

काय ओढत होतं, याचं उत्तर ताईकडे तेव्हा नव्हतं. आजही नाही. पंखा बंद केला की तिचं लक्ष अजून स्वतःच्या खांद्यामागे जातं. पण या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं तिच्या हातात होतं. तिने दिवा ओढला, भिंग घेतलं आणि ती दुमड उसवायला घेतली.

"हे टाके आजीचे," नवरी म्हणाली. "माझ्या शाळेच्या फ्रॉकला असेच असायचे."

आत ग्रीसचा डाग नव्हता. चाकाने फाटावी तशी फाटही नव्हती. दोन जागी जाळी चुरगळून दबली होती, मुठीएवढी. दोन मुठींच्या मधली भोकं लांबट ताणलेली, गळ्याभोवती फिरेल इतकी. आणि एका मुठीच्या जागी, अनामिकेच्या बरोबर, धागे तिरके कापलेले.

नवरीने पर्समधून पोलिसांनी परत दिलेली, वडिलांच्या लग्नातली अंगठी काढली. तिच्या चौकोनी खड्याचा एक कोपरा वर आलेला होता. तो तिने कापलेल्या धाग्यांवर टेकवला.

बरोबर बसला.

चाक नव्हतंच. तिच्या आईला तिच्या वडिलांनी मागून गळा आवळून मारलं होतं, आणि आजीने त्यावर टाके घातले होते.