उमाबाईच्या नावाचा तिसरा एको

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि शब्दही माझ्याकडं साधेच आहेत. पण विश्वेश्वरनं माझ्या शेजारी ओट्यावर बसून जे सांगितलं, ते त्यानं सांगितलं तसंच लिहितोय.

विश्वेश्वरचं नेकनूरला भांड्यांचं दुकान. त्या बुधवारी त्यानं दुकान उघडलंच नाही. छबुमावशीला घेऊन तो दहाच्या एसटीनं बीडला निघाला. मावशीला दोन महिन्यांपासून धाप लागत होती, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं, एवढंच काम. मावशी म्हणजे त्याच्या आईची, उमाबाईची, धाकटी बहीण. भरलेल्या दोन घागरी घेऊन विहिरीचा चढ एका दमात चढणारी बाई. ती त्या दिवशी एसटीच्या तीन पायऱ्यांवर तीनदा थांबली. मागून कंडक्टर ओरडला, "मावशी, गाडी मुक्कामाला न्हाई इथं!"

"तुझ्या बापाची हाय का गाडी?" मावशी म्हणाली. पण म्हणताना तिचे ओठ निळे झाले होते.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टर वनिता मॅडम दर बुधवारी यायच्या. कॅन्सरच्या औषधानं हृदय थकतं, ते सांभाळायचं हेच त्यांचं खास काम. औषध देण्याआधी त्या छातीवर यंत्र फिरवून हृदय पडद्यावर बघायच्या. त्याला एको म्हणतात. विश्वेश्वरला त्यांच्यासमोर जायचं नव्हतं. पण गावच्या डॉक्टरनं चिठ्ठी त्यांच्याच नावानं दिली होती, आणि ती नाकारायला कारण काय सांगणार?

कारण असं होतं.

उमाबाईच्या स्तनात गाठ निघाली होती. सलाईनमधून लाल औषध द्यायचे. दुसऱ्या एकोनंतर मॅडम म्हणाल्या, "हृदय कमजोर पडलंय. लाल औषध थांबवू. मी गोळ्या देते, दुसरं औषध काय द्यायचं ते आम्ही ठरवतो." एवढ्या बोलण्यातला एकच शब्द विश्वेश्वरच्या कानात राहिला, थांबवू. बाहेर बाकड्यावर कुणीतरी सांगितलं की औषध थांबलं की गाठ दुपटीनं वाढते. तीन आठवडे त्याला झोप नव्हती.

त्या बुधवारच्या अडीच महिने आधी, तिसऱ्या खेपेला, तो दोघी बहिणींना घेऊन आला. आईला म्हणाला, "आज तुझी तपासणी न्हाई. लिंबाखाली बस." मग मावशीच्या डोक्याला आईसारखा रुमाल बांधला, पदर कपाळावर ओढला आणि आईच्या फाईलसकट तिला आत नेलं. मावशीला त्यात वावगं काही वाटलं नाही. दारातच ती हसून म्हणाली, "घे माझं काळीज. लाव तिच्या नावावर. एवढ्या दणकटाचं मला काय करायचंय?"

रिपोर्ट उत्तम आला. बाहेर येऊन त्यानं आईला सांगितलं, मॅडम म्हणाल्या तुझं काळीज बरं हाय. लाल औषध पुन्हा सुरू झालं. अकराव्या दिवशी उमाबाई अंथरुणात उठून बसली आणि छाती धरून म्हणाली, "मॅडम बोलल्या ना रं, काळीज बरं हाय म्हणून? मग हे काय होतंय?" विश्वेश्वरनं मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा ती गेलेली होती.

तर त्या बुधवारी त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी, दुपारी तीनला लागला. बाहेरची बाकडी मोकळी झाली होती. एकोच्या खोलीला काळे पडदे असतात, त्यामुळं बाहेर फुफाट्याचं ऊन आणि आत विहिरीतल्यासारखा गार अंधार. मावशी डाव्या कुशीवर झोपली. मॅडमनी तोंडाकडं बघितलं नाही. त्या कधीच बघत नसत, पडद्याकडंच बघत. त्यांनी छातीवर थंड जेल लावलं, यंत्र टेकवलं आणि एक बटण दाबलं.

खोलीभर आवाज झाला. फस्‌... फस्‌... मग जरा थांबून, घसरल्यासारखा, फस्‌.

विश्वेश्वरच्या अंगावर काटा आला. दोन ठोके आणि तिसऱ्याला अडखळणं. हा आवाज त्यानं याच खोलीत ऐकला होता. दुसऱ्या एकोच्या वेळी.

मॅडमचा हात थांबला. त्यांनी यंत्र थोडं वर घेतलं, परत खाली आणलं.

"तुम्ही माझ्याकडं आधी आला होतात."

"न्हाई... ही माझी मावशी. पहिल्यांदाच," विश्वेश्वर म्हणाला.

"मी बाईंना म्हणत नाही." मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "हे हृदय आलंय माझ्याकडं. तोंडं माझ्या लक्षात राहत नाहीत, पण हे राहतं. डाव्या कप्प्यात आडवा बारीक दोरा आहे, बघा. जन्मतःच असतो काहींना. नेकनूरच्या एक बाई होत्या..."

त्यांनी संगणकात जुनी नावं शोधली. उमाबाई. पहिला एको, दोरा होता. दुसरा, दोरा होता. तिसऱ्यात दोरा नव्हता, हृदय घोड्यासारखं धावत होतं.

त्यांनी खुर्ची विश्वेश्वरकडं वळवली. मग म्हणाल्या, "तिसरा कोणाचा?"

विश्वेश्वरनं मावशीकडं बोट केलं.

"मला वाटलं होतं माझ्या गोळ्यांनी गुण आला," मॅडम सावकाश म्हणाल्या. "हा रिपोर्ट दाखवून मी दुसऱ्या तिघी पेशंटना धीर दिला. घाबरू नका म्हटलं, नेकनूरच्या बाईंचं सुधारलं... आणि त्या दिवशी दारात उभं राहून मला नमस्कार करणारा मुलगा म्हणजे तुम्हीच."

"माझी चूक झाली मॅडम. मला वाटलं, आई..."

"ते नंतर बोलू." त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग पहिल्यांदाच मावशीच्या तोंडाकडं. "अडीच महिन्यांत असा दोरा उगवत नाही. तिसरा एको यांचा असेल... तर आत्ता माझ्यासमोर कोणाचं आहे?"

मावशी छताकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, "मीच म्हणाले होते, लाव म्हणून. पण परत देऊ नको असं कुठं म्हणाले होते?"

मॅडमनी कागदानं तिच्या छातीवरचं जेल पुसलं. कागदावर काळी ओली माती आली. मॅडमनी आणि विश्वेश्वरनं ती बघितली. मॅडमनी कागद चुरगाळून बादलीत टाकला. निघताना मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या आणि विश्वेश्वरला बाजूला घेतलं. "जिला लाल औषध कधी दिलंच नाही, तिचं हृदय त्याच औषधानं झिजलंय. अशा झिजलेल्या हृदयाला मी फार दिवस देत नाही. तुम्हाला काही करता येत असेल तर करा. मला माहीत नाही काय."

रात्री मावशी त्याच्याच घरी राहिली. उशाला भिंत घेऊन, बसूनच.

दुसऱ्या दिवशी उजाडताना विश्वेश्वर शेतात गेला. ते लिंगायत, त्यांच्यात माणसाला मांडी घालून बसवून माती देतात. कपाळाला विभूती, हातात लिंग, माथ्यावर बेल. उमाबाईला बांधाजवळ तसंच बसवलं होतं. तो तिथं गुडघे टेकून बसला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत घोकलं होतं. आई, मावशीचं परत दे.

हात जोडण्याआधी त्यानं मातीवर तळवा ठेवला. दहिवर पडून सगळं रान गार पडलं होतं, तेवढी माती कोमट होती. आणि खाली ठोके होते. एकसारखे, दणकट, न अडखळणारे. त्याच्या स्वतःच्या छातीत धडधड सुटली होती, तिच्याशी त्यांचा मेळ नव्हता. ते आपले निवांत चालले होते, जेवून सुखानं निजलेल्या माणसासारखे.

आजारी पडल्यापासून त्याची आई अशी निवांत कधी नव्हती.

घोकलेलं त्यानं मागितलंच नाही. एकदा फसवलेल्या आईकडून तो आता काय काढून घेणार? सूर्य हातभर वर आला तरी तो तळवा टेकून तसाच बसून होता. मग उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि घरी आला. कुठं जातोय हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मावशी उंबऱ्यात बसली होती. प्रत्येक शब्दाला थांबत, श्वास गोळा करत, ती त्याच्याकडं बघून म्हणाली,

"एवढा वेळ... हात ठेवून बसलास तिच्यावर... मग मागितलं कावून न्हाई रं?"