खळीचा बोळा

प्रणाली सिस्टरचा आपल्या कापसाच्या बोळ्यांवर भारी भरवसा. लकडगंजच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनला आलेला पेशंट घाबरला, की लॅव्हेंडरचे दोन थेंब टाकलेला बोळा ती त्याच्या गाऊनच्या गळ्याला टाचायची. भलेभले गडी थोड्या वेळात मवाळ व्हायचे. डॉक्टर आधी हसले, मग तेच तिला बोलवायला लागले.

उमरेडचे भैयाजी मात्र तिला पुरून उरले. हातमागावर जन्म गेलेला म्हातारा, पण मागच्या खेपेला हृदयात स्टेंट टाकायच्या वेळी टेबलावरून उठून पळाला होता. आता पुन्हा पळाला असता, तर त्याचं हृदय तिसरी संधी देणार नव्हतं.

“हा वास माह्या ओळखीचा नाही वं बाई,” त्यांनी बोळा दूर सारला.

“मंग कोणता ओळखीचा आहे?”

“खळीचा. सुताले लावाची आंबट खळ. माही बायको पुष्पलता करे. मरेपर्यंत तिच्या हाताले तोच वास होता.”

प्रणालीही विणकराच्याच घरची. दुसऱ्या दिवशी तिने सक्करदऱ्याहून, घरून, शिळ्या भाताची खळ बाटलीत आणली आणि बोळा भिजवून टाचला. भैयाजींनी डोळे मिटले. बीपी उतरलं. प्रणाली स्वतःवरच खूश झाली.

बाहेर मे महिन्याची दुपार रणरणत होती. आत ऑपरेशनच्या टेबलापाशी मात्र गारठा आणि स्पिरिटचा वास. मग तो स्पिरिटचा वास हळूहळू विरला. एवढ्याशा बोळ्याचा असा कितीसा दरवळ असणार? पण सगळी खोली आंबट खळीने भरून गेली. ताणलेल्या सुतावर ओला कुंचा फिरावा तसा आवाज येऊ लागला... सर्र... सर्र...

“आली काय?” भैयाजी पुटपुटले. “एकटीले करमत नाही काय तुले? ...थांब, येतो ना... चप्पल घालू दे...”

बीपी अजून उतरलं. उतरतच राहिलं. डॉक्टर ओरडले.

प्रणालीला एकदम उमगलं. लॅव्हेंडर कुणाच्याच घरचं नव्हतं, म्हणून त्या वासामागून आजवर कुणी आलं नव्हतं! तिने खळीचा बोळा उपटला, मुठीत आवळला आणि लॅव्हेंडरची बाटली म्हाताऱ्याच्या नाकाशी धरली.

“मले वाचवा!” भैयाजी किंचाळले. पेशंटच्या भीतीचा तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

तेवढ्यात तिच्या मुठीतून कुणीतरी बोळा अलगद ओढला. मूठ उघडली, तर रिकामी.

स्टेंट बसवून भैयाजी आपल्या पायांनी उमरेडच्या बसमध्ये चढले. प्रणालीचा भरवसा होता तिथेच राहिला, फक्त आता लॅव्हेंडरशिवाय दुसरं काही नाही.

पुढच्या आठवड्यात अपेंडिक्सच्या ऑपरेशनला मयुरी नावाची कॉलेजची पोरगी आली. भीतीने पांढरीफटक पडलेली. प्रणालीने बोळा टाचला, इंजेक्शन भरायला पाठ वळवली आणि परत आली, तर पोरगी डोळे मिटून शांत हसत होती.

“बघ, काही भेव वाटते काय आता?”

“नाही सिस्टर. पण तुमच्या बोळ्यापेक्षा हा दुसराच मस्त आहे...”

लॅव्हेंडरच्या बोळ्याशेजारी आणखी एक बोळा टाचलेला होता. ओलाकच्च, आंबट वासाचा.

“कोणी लावला हा?”

“त्या आजीनं. तुमच्या मांगंच तं उभ्या आहेत...”